थंडी आली आणि शहात्तरची बुलेट रुसली

पेठेतला पोरगा | गुरुवार, ०६/११/२०२५ - २२:१४

मंडळी, रामराम. काल पहाटे गल्लीत जी शोभा झाली, त्यानंतर हा धागा काढल्याशिवाय राहवेना.

घरात बाबांची बुलेट आहे. एन्फिल्ड ३५०, मॉडेल १९७६. बिडाचं इंजिन, पॉइंटवाली (म्हणजे यांत्रिक स्विचनं ठिणगी पाडणारी), सहा व्होल्टची. बाबा राधानगरीकडच्या एका शाळेत मास्तर होते, सगळी नोकरी याच गाडीवर जाऊन-येऊन केली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी किक बंद केली. यंदा पाडव्याला चावी माझ्या हातात दिली आणि "तिला पिळू नको" एवढंच बोलले.

उन्हाळाभर काही तक्रार नाही. पावसाच्या उघडिपीतही दोन-तीन किकमध्ये सुरू. दसऱ्याला सर्व्हिसिंग केलं आणि त्यानंतर सकाळच्या वेळी नखरे सुरू झाले. मजा म्हणजे दुपारी बाराला हीच गाडी एका किकला धडधडते.

काल त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे पंचगंगा घाटावर दिवे बघायला जायचं म्हणून साडेचारला किक मारायला सुरुवात केली. मोजून बावीस किका मारल्या. गल्लीतली तीन कुत्री, काकडआरतीला निघालेल्या दोन आज्ज्या आणि तालमीतली चार पोरं जमली. शेवटी बायकोच्या ॲक्टिव्हावर मागं बसून घाटावर गेलो. ती वाटेत एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

प्लग नवा आहे. पॉइंट घासून घेतलेत. कार्बोरेटर धुतला (मूळचा कधीच गेला, आता मिककार्ब नावाचा आहे). मेकॅनिक म्हणतो, जुनी गाडी, थंडीत असंच व्हायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी गगनबावड्याला जायचं ठरवलंय. जाऊ का नको? आणि थंडीत जुन्या गाडीचं काय काय बघावं लागतं?

---

गंगावेशकर | गुरुवार, ०६/११/२०२५ - २२:३१

बावीस किका! भावा, गाडी ऱ्हाऊ दे, तालमीत नाव घाल. मांडी बघून पैलवान पण लाजतील.

---

जावा एके जावा | गुरुवार, ०६/११/२०२५ - २३:०२

म्हणून सांगत असतो, म्हैसूरची गाडी घ्या. माझी जावा १९६९ ची. पेट्रोलचा कॉक उघडला, टिकलर (कार्बोरेटरवरचं बारकं बटण) दाबला, पेट्रोल बोटाला लागलं की एक किक. तीच कांडी मग पुढं ढकलून गिअर टाकायचा. गाडी सुरू करायची आणि गिअर टाकायची कांडी एकच, अशी अक्कल बुलेटवाल्यांच्या कंपनीला सुचली नाही.

थंडीत फक्त एक पाळतो. घर दोन-तीनशे मीटरवर आलं की कॉक बंद. कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळून जातं. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच लिटरमागं ४० मिली ऑइल मिसळलेलं असतं. रात्रभरात पेट्रोल उडून जातं आणि ऑइल जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल यायच्या बारक्या भोकात, चिकटून बसतं. सकाळी मग बसा शिव्या देत.

---

उद्यमनगरी | शुक्रवार, ०७/११/२०२५ - ०७:४०

पेठेतल्या, पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून काढ. कोल्हापूरच्या थंडीनं गाडी सुरू व्हायची थांबत नाही. आपली थंडी ती काय, स्वेटर घालायला निमित्त. इंग्लंडात बर्फात या गाड्या चालायच्या, तिथलंच हे इंजिन. थंडी आजार देत नाही, अंगात दबून असलेला आजार वर काढते. तुझ्या गाडीत आधीच काहीतरी होतं. उन्हाळ्यात ते झाकलं गेलं.

आता थंडीनं नक्की काय होतं ते सांगतो. पेट्रोल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. गार हवेत, गार बिडात वाफ कमी होते. म्हणजे कार्बोरेटर पेट्रोल तेवढंच देतोय, पण कामाला येतंय कमी. म्हणून चोक ओढून पेट्रोल वाढवायचं. दुसरं, रात्रभरात ऑइल घट्ट होतं, किक जड जाते, इंजिन हळू फिरतं. तिसरं, बॅटरी गार पडली की तिचा जोर कमी होतो, आणि तुझी गाडी पॉइंट-कॉइलची, म्हणजे ठिणगी बॅटरीच्या जिवावर. तिन्ही थोडं थोडं कमी पडलं की बेरीज मोठी होते.

चार गोष्टी करून इथं लिही.

चावी बंद ठेवून किक दाबाच्या जागी आण आणि तिच्यावर नुसता उभा राहा. अंगाच्या वजनानं किक सावकाश, कुरकुरत खाली गेली तर कॉम्प्रेशन आहे. भसकन बसली तर गळतंय.

डिकम्प्रेशरच्या (किक हलकी जावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारी झडप) केबलला ढील आहे का बघ. केबल ताणलेली असेल तर ती बारकी झडप पूर्ण बसत नाही.

पॉइंटचा गॅप फिलर गेजनं मोज. ०.३५ ते ०.४० मिमी पाहिजे. पोस्टकार्डाच्या जाडीनं गॅप लावणारे मेकॅनिक अजून आहेत आपल्याकडं, पण पोस्टकार्ड कुठं मिळतंय आता.

आणि चौथं, तू किक कशी मारतोस ते सगळं इस्कटून लिही. चावी लावल्यापासून.

---

कारखाना सभासद | शुक्रवार, ०७/११/२०२५ - ०९:१५

बॅटरीचं काकांनी बरोबर सांगितलं. सहा व्होल्टची बॅटरी एक वर्षाची असली तरी महिनाभर गाडी उभी असेल तर ती म्हातारीच समजा.

---

शुद्ध पेट्रोल | शुक्रवार, ०७/११/२०२५ - १०:०८

एवढं सगळं सांगताय, मूळ कारण कुणीच बोलत नाही. इथेनॉल! जून २०२२ मध्ये देशात सरासरी दहा टक्के झालं, यंदा वीस टक्के. १९७६ सालच्या कार्बोरेटरला हे कोण समजावणार? इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. गार सकाळी ती आणायची कुठून? शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण लीन होतं, पेट्रोल कमी पडतं. जुने रबरी पाइप, सील फुगतात. टाकीतला गंज सोडवून खाली आणतं. माझ्या राजदूतचा कॉक दोनदा चोंदला.

---

कारखाना सभासद | शुक्रवार, ०७/११/२०२५ - १०:२६

हां! आला आमच्या उसावर. साहेब, तुमच्या राजदूतची टाकी आतून आधीच गंजलेली होती, इथेनॉलनं फक्त झाडू मारला. साखर कारखान्याला आमची उसाची बिलं देता येतात त्यात या इथेनॉलचा पण वाटा आहे. आमच्याच रानातला ऊस तुमच्या टाकीत चाललाय म्हणून अभिमान वाटू द्या जरा.

---

शुद्ध पेट्रोल | शुक्रवार, ०७/११/२०२५ - १०:३९

अभिमान आहे. गाडी ढकलताना पण वाटतो.

---

उद्यमनगरी | शुक्रवार, ०७/११/२०२५ - १३:२०

भांडू नका, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. इथेनॉलनं सकाळची सुरुवात थोडी जड होते हे खरं. त्यावर उपाय आहे. पायलट जेट एक नंबर मोठा टाका, सुईची क्लिप एक खाच खाली घ्या म्हणजे सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं, पेट्रोल जास्त येतं. रबरी पाइप इथेनॉलला टिकणारा मिळतो, तो घाला. आणि थंडीत टाकी अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या हवेची ओल रात्री गार पत्र्यावर धरते आणि इथेनॉल ते पाणी पिऊन घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी खाली बसतं आणि कॉक नेमका खालूनच ओढतो.

पण गाडी दुपारी एका किकला सुरू होते म्हटल्यावर पेट्रोल हे मुख्य कारण नाही. पेठेतला, माझ्या चार प्रश्नांची उत्तरं?

---

पेठेतला पोरगा | शनिवार, ०८/११/२०२५ - १९:४७

काका, उशीर झाला. आज सकाळी सगळं केलं.

किक अंगाच्या वजनानं भसकन बसली! डिकम्प्रेशरची केबल विणेच्या तारेसारखी ताणलेली. दसऱ्याच्या सर्व्हिसिंगला नवी केबल घातली होती, तेव्हाच ताणून बसवली असणार. ढील दिली. आता किकवर उभं राहिलं की गाडी मला उभं राहू देते. पॉइंटचा गॅप ०.५० निघाला, ०.४० केला.

बॅटरी दुकानात तपासली, थोडी उतरलेली होती, रात्रभर चार्जिंगला लावलीय.

किक मी अशी मारतो: कॉक उघडतो, चोक ओढतो, चावी लावतो, दोन-तीन मोकळ्या किका, मग जोरात.

---

उद्यमनगरी | शनिवार, ०८/११/२०२५ - २०:३०

केबल सापडली ते झकास. पण "मग जोरात" म्हणजे काय? तो अँपिअरचा काटा (बॅटरीतून करंट जातोय का ते दाखवणारा) देवाच्या फोटोसारखा नुसता बघायला दिलाय होय?

चावी लावली की काट्याकडं बघत किक हळूहळू दाबत न्यायची. पॉइंट मिटलेले असतात तोवर काटा डिस्चार्जकडं झुकतो. पॉइंट उघडले की मधोमध येतो. थांब तिथंच. डिकम्प्रेशर ओढ, किक अगदी थोडी पुढं ढकल, डिकम्प्रेशर सोड, किक वर येऊ दे. आता पिस्टन माथा ओलांडून गेलेला आहे. मग एक लांब, पूर्ण किक. धसमुसळी नको, अर्धवट सोडायची नाही. असं केलं तर उलटा झटका येत नाही. नाहीतर ठिणगीचं टायमिंग पुढं असलेली बुलेट घोट्याचं काय करते ते विचार कुणालाही.

आणि रात्रभर उभ्या गाडीच्या क्लचच्या प्लेटा एकमेकीला चिकटतात. सुरू करायच्या आधी क्लच दाबून दोन किका मारून प्लेटा सुट्या करायच्या, म्हणजे पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येत नाही.

---

विंटेज वकील | रविवार, ०९/११/२०२५ - ११:०२

थोडं अवांतर. गाडी ५० वर्षांच्या पुढं गेली की २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीला ५,०००. शहात्तरची असेल तर पुढच्या वर्षी पात्र ठरेल. पण नीट विचार करा, विंटेज नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही.

---

पेठेतला पोरगा | रविवार, ०९/११/२०२५ - ११:२०

मग नकोच. बाबांनी ती मिरवायला घेतली नव्हती.

---

रोडकिंग ताई | रविवार, ०९/११/२०२५ - २१:५५

तुम्ही सगळे इंजिनातच अडकलाय. गाडी सुरू होईल हो आज ना उद्या. मला गगनबावड्याच्या रस्त्याची काळजी वाटते.

मी इचलकरंजीची, येझदी रोडकिंग चालवते, दर थंडीत दोन-तीनदा तरी त्या रस्त्यानं जाते. पहाटे अजिबात निघू नका. बालिंग्याच्या पुलाजवळ भोगावतीवरचं धुकं रस्त्यावर येऊन बसतं. पुढं कळे, साळवण, असळज, सगळीकडं आता हंगाम सुरू आहे. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली. धुक्यात तुमच्यासमोर एकदम उसाची भिंत उभी राहते. गेल्या वर्षी माझ्या आणि ट्रॉलीच्या मध्ये हातभर अंतर राहिलं होतं. त्यानंतर मी पहाटेचा नाद सोडला. साडेसात-आठला निघा. नऊपर्यंत धुकं उठतं, साळवणच्या पुढं मग नुसतं सोनं असतं रानात.

सहा व्होल्टचा हेडलाइट म्हणजे देवघरातली समई, धुक्यात ती तुम्हाला रस्ता दाखवत नाही. अप्पर लावला तर समोर पांढरा पडदा दिसतो, म्हणून डिपरच ठेवा. मुख्य म्हणजे मागचा दिवा बघा. तुम्हाला दिसणं जितकं गरजेचं, तितकंच तुम्ही दिसणं. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, गाडीचं रूप गेलं तरी चालेल.

अजून एक. तुम्ही एरवी दुसरी कुठली गाडी चालवता का? कारण शहात्तरच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. रोजची सवय उलटी असेल तर धुक्यात घाबरून उजवा पाय दाबला जातो आणि गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलते. आठवडाभर रोज थोडी चालवा, पायाला शिकू द्या. आणि पहाटेच्या दवानं ड्रम ब्रेक ओले होतात. निघाल्यावर पहिल्या दोनशे मीटरमध्ये हलकेच दोन-तीनदा दाबून सुकवून घ्या.

कपडे: १२ अंश असतील आणि तुम्ही साठनं चाललात तर अंगाला आठ अंशांसारखं लागतं. बोटं बधिर झाली की क्लच कुठं धरतोय ते कळत नाही, म्हणून हातमोजे आधी, बाकी सगळं नंतर. हेल्मेटखाली पातळ कानटोपी.

---

गंगावेशकर | रविवार, ०९/११/२०२५ - २२:१०

ताई, एक राहिलं. जर्किनच्या आत छातीवर पेपर. आमचे आजोबा सायकलवरून दूध घालायला यायचे, छातीला 'पुढारी' बांधून. वारं आरपार येत न्हाई. रविवारचा घ्यायचा, जाड असतोय.

---

जावा एके जावा | रविवार, ०९/११/२०२५ - २२:१८

आणि चहाला थांबलं की काढून वाचायचा. खर्च वसूल.

---

पेठेतला पोरगा | बुधवार, १२/११/२०२५ - ०८:०५

आज सकाळी साडेसहाला आठव्या किकला सुरू झाली. बावीसवरून आठवर आलो. काट्याचं जमायला लागलंय. पण आठ म्हणजे अजून आठच आहेत. प्लग काढला तर ओला होता, पेट्रोलचा वास येत होता. काका, आता काय?

---

उद्यमनगरी | बुधवार, १२/११/२०२५ - २१:१२

ओला प्लग म्हणजे पेट्रोल येतंय पण वेळेला जळत नाही. आता खरं सांग. चोक ओढल्यावर किक मारताना उजवा हात काय करत असतो?

---

पेठेतला पोरगा | बुधवार, १२/११/२०२५ - २१:३०

रेस देत असतो की. अर्धी तरी. थोडी दिली नाही तर सुरू कशी होणार?

---

उद्यमनगरी | बुधवार, १२/११/२०२५ - २१:५८

सापडला चोर.

मिककार्बमध्ये आपण ज्याला चोक म्हणतो तो हवा अडवतच नाही. तो एक बारकी वेगळी वाट उघडतो, त्यातून जादा पेट्रोल येतं. ही वाट इंजिनच्या ओढीवर चालते. स्लाइड खाली बसलेली असेल, म्हणजे रेस बंद असेल, तरच ओढ त्या वाटेपर्यंत पोचते. तू रेस उघडलीस की हवा मोठ्या दारानं घुसते, बारक्या वाटेतली ओढ संपते. म्हणजे एका हातानं चोक ओढायचा आणि दुसऱ्या हातानं तो बंद करायचा. दुपारी गाडी गरम हवेत चोकशिवायच सुरू होते, म्हणून तुझी ही खोड आजवर लपून राहिली. सकाळी किक मारत राहतोस, शेवटी हळूहळू इतकं पेट्रोल साठतं की प्लगच भिजतो.

चोक पूर्ण ओढ. ॲक्सिलेटरला हात लावू नकोस. नाहीतर उजवा हात खिशात घाल.

---

पेठेतला पोरगा | गुरुवार, १३/११/२०२५ - ०७:१०

दुसऱ्या किकला. दुसऱ्या!

आता यामागची गोष्ट ऐका. काल रात्री काकांचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. बाबा झोपाळ्यावर होते. म्हणाले, "मग मी पाडव्याला काय सांगितलं होतं?"

मी म्हटलं, पिळू नको म्हणाला होता, म्हणून तर जपून चालवतो.

"चालवताना नव्हे रे. किक मारताना पिळू नको म्हटलं होतं. महिनाभर रोज सकाळी वर खाटेवर पडून ऐकतोय, तू पिळतोयस."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठं? तुझं ते मोबाईलवर चाललेलं ना सगळं."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

---

रोडकिंग ताई | गुरुवार, १३/११/२०२५ - ०९:४४

😂 मास्तरांना माझा नमस्कार सांगा.

---

शुद्ध पेट्रोल | गुरुवार, १३/११/२०२५ - १०:३०

सुरू झाली की जागेवरच पाच-दहा मिनिटं गरम करत ठेवायची. जुन्या गाडीला ते लागतंच.

---

उद्यमनगरी | गुरुवार, १३/११/२०२५ - १३:१५

नाही. ही जुनी चुकीची समजूत आहे. चोकवर जागेवर धडधडत ठेवली तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. मिनिटभर, ऑइल वरपर्यंत पोचेपर्यंत. मग चोक बंद करून निघायचं, पण दोन-तीन किलोमीटर अगदी सावकाश.

याचं कारण आमच्या धंद्यातलं आहे. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. उष्णतेनं ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट पसरतं, शिवाय आग पिस्टनच्या डोक्यावर. बिडाचा तवा आठव: तापायला वेळ घेतो. गार सकाळी सुरू करून लगेच कुणी रेस दाबली की पिस्टन फुगलेला आणि सिलिंडर अजून गार, आवळलेला. धरतो. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत असे रेघा पडलेले पिस्टन येतात, पोरं म्हणतात ऑइल खराब होतं. ऑइल बिचारं काय करणार? २०डब्ल्यू५० बरोबर आहे आपल्याकडं, पातळ ऑइल घालायच्या भानगडीत पडू नका.

आणि आठवडाभर उभी राहिली की पहिल्यांदा निळा धूर येईल. ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून खाली क्रँकमध्ये उतरतं. घाबरायचं नाही, पाच मिनिटांत जातो.

---

पेठेतला पोरगा | रविवार, १४/१२/२०२५ - २१:४०

जाऊन आलो. बायको मागं, ॲक्टिव्हा घरी.

ताईंचं ऐकून आठला निघालो. फुलेवाडीपर्यंत चाळीसच्या वर नाही. बालिंग्याला धुकं होतंच, पुलावर पुढचं काहीच दिसेना म्हणून टपरीवर थांबून चहा घेतला. समोरून आणि मागून उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॉलीवरून सांडलेल्या उसाच्या दोन कांड्या रस्त्यात. पुढचं चाक त्यावर गेलं असतं तर आज हे लिहिलं नसतं. कळ्याच्या पुढं कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं, चिमणीचा धूर आणि काकवीचा वास धुक्यात अडकून रस्त्यावरच राहिलेला. तेवढ्या वासासाठी परत जाईन.

एक गंमत झाली. असळजच्या अलीकडं धुक्यात पन्नासनं एकसारखं चाललो होतो आणि गाडी अडखळायला लागली. रेस दिली तर घुसमटायची. थांबून प्लग बघितला, कोरडा, चांगला भुरा. दोन मिनिटांनी किक मारली तर काहीच झालं नाही अशी चालू झाली. पुन्हा नाही झालं.

गगनबावड्याला पोचलो तेव्हा ऊन होतं. गडावर गेलो. खाली करूळचा घाट आणि त्यापलीकडं धुक्याखाली कोकण. परत निघताना इंजिन गरम होतं, तरीपण सवयीनं उजवा हात खिशातच.

---

उद्यमनगरी | रविवार, १४/१२/२०२५ - २२:१५

अडखळण्याचं, अंदाजानं सांगतो, कार्बोरेटरमध्ये बर्फ धरला असेल. हसू नका. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटरच्या घशातली उष्णता खेचली जाते, इथेनॉल तर जास्तच खेचतं. हवा दहा-बारा अंशांची आणि धुक्यानं ओली असेल तर बाहेर बर्फ नसला तरी घशात शून्याखाली जातं, ओल गोठून स्लाइडच्या कडेला बसते. थांबलास, इंजिनच्या उष्णतेनं ती वितळली. विमानांच्या कार्बोरेटरला हा त्रास जुना आहे. पुढच्या वेळी तसं झालं की थांबून दोन मिनिटं वाट बघ, प्लग काढायची घाई नको.

---

कारखाना सभासद | रविवार, १४/१२/२०२५ - २२:२२

गगनबावड्याच्या वाटेवर बर्फ! हे पण आमच्या उसानंच केलं म्हणा.

---

पेठेतला पोरगा | रविवार, १४/१२/२०२५ - २२:३६

😄 एक अडचण. येताना फुलेवाडीत मागचा दिवा गेला. सहा व्होल्टचा बल्ब लक्ष्मीपुरीत दोन दुकानांत विचारला, नाही म्हणाले, बारा व्होल्टचा आहे. कुणाकडं असेल का? बाबा म्हणतायत बुधवारी त्यांना मागं बसवून गंगावेशला धारोष्ण दूध प्यायला न्यायचं. पहाटे साडेपाचला. डॉक्टरांनी किक बंद केलीय, मागं बसणं नाही.

---

जावा एके जावा | रविवार, १४/१२/२०२५ - २२:५१

माझ्याकडं दोन आहेत, जावाच्या डब्यातले. पैसे नको. उद्या सकाळी सहाला रंकाळ्यावर ये बुलेट घेऊन. किती किका लागल्या ते मास्तरांकडून लिहून आण.